गुडघा बदलला, दुसऱ्याच दिवशी घरी
गुडघ्याच्या सांधेरोपणानंतर पूर्वी आठवडाभर किंवा त्याहून अधिक काळ रुग्णालयात राहावे लागे. मला मात्र दुसऱ्याच दिवशी घरी सोडण्यात आले. शस्त्रक्रियेच्याच संध्याकाळी फिजिओथेरपिस्टने वॉकर हाती देऊन मला उभे केले आणि घरी सोडण्यापूर्वी जिन्याच्या चार पायऱ्या चढउतार करवून घेतल्या, तेव्हा मनातली धास्ती बरीच ओसरली. स्वतःच्या अंथरुणात झोपही शांत लागली. तक्रार एकच, पण गंभीर आहे: तिसऱ्या रात्री दुखणे असह्य झाले, पोटरी सुजली, आणि ही सूज नेहमीची की रक्ताच्या गुठळीची, हे विचारण्यासाठी दिलेल्या क्रमांकावर पहाटेपर्यंत कोणीही फोन उचलला नाही. सकाळच्या सोनोग्राफीत गुठळी आढळली नाही. तरीही रात्री उत्तर देणारी परिचारिका नेमली जाईपर्यंत एकट्या राहणाऱ्या रुग्णाला दुसऱ्याच दिवशी घरी सोडण्याची ही सेवा मी सुचवणार नाही.