ट्रस्ट की कलम ८ ची कंपनी? बाळंतिणींच्या मनासाठी काम करणाऱ्या मंडळाने काय निवडावं

गेल्या महिन्यात कारेलीबागेतल्या एक स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टर आणि त्यांच्या दोघी मैत्रिणी घरी आल्या होत्या. गरोदर बायका आणि बाळंतिणी यांच्या मनाच्या दुखण्यावर काम करणारी संस्था त्यांना बडोद्यात काढायची आहे. कामाची तयारी चोख होती. अडलं होतं एकाच ठिकाणी: ट्रस्ट करायचा की कलम ८ ची, म्हणजे नफा वाटून न घेणारी सेवाभावी कंपनी? मी दोन्हीकडे काम केलंय. आधी सहा वर्षं एका ट्रस्टचा चिटणीस होतो, आता चार वर्षं कंपनीचा संचालक आहे. दोन्हीकडे विनामोबदला. त्या संध्याकाळी त्यांना जे सांगितलं, तेच इथे जरा सविस्तर मांडतो.

१२ए (संस्थेला करमाफी), ८०जी (देणगीदाराला करसवलत), सीएसआर-१ (कंपन्यांचा सामाजिक निधी घेण्यासाठी) या नोंदण्या दोन्हींना लागतात आणि दोन्हींना मिळतात, तेव्हा त्यात शिरत नाही. सोसायटीचाही विचार अनेकजण करतात. पण गुजरातेत १८६० च्या कायद्याखाली सोसायटी नोंदवली तरी ती सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कक्षेत येतेच, आणि वर सात सभासद जमवावे लागतात. म्हणून ट्रस्टबद्दल पुढे जे म्हणतो, ते सोसायटीलाही बरंचसं लागू धरा.

आधी ट्रस्टची बाजू. बडोद्यात ट्रस्ट हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यातले आजोबा असोत की अलकापुरीतले कारखानदार, ‘ट्रस्ट आहे’ म्हटलं की चेकबुक बाहेर येतं. कंपनी म्हटल्यावर आम्हाला एका शेठजींनी सरळ विचारलं होतं, “कंपनीने वळी दान शेनुं?” म्हणजे कंपनीला दान कशाला द्यायचं. कलम ८ च्या कंपनीला नफा वाटून घेता येत नाही, लाभांश देता येत नाही, हे त्यांना पटवायला दोन चहा लागले. शिवाय ट्रस्टचा वर्षाचा कागदी खर्च कमी. हिशेब तपासून घेतले, वेळेवर भरले, की बाकी वर्ष कामाला मोकळं. आमच्या ट्रस्टची माणसंही सोन्यासारखी होती, तक्रार त्यांच्याबद्दल मुळीच नाही.

तक्रार आहे ती एका कागदाबद्दल. चेंज रिपोर्ट, आपल्याकडे बोलताना फेरफार रिपोर्ट.

१९५० च्या विश्वस्त कायद्याच्या कलम २२ प्रमाणे विश्वस्त बदलला की ९० दिवसांत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाला तसं कळवावं लागतं. नुसतं कळवून भागत नाही. त्यावर चौकशी होते, आणि ती बरीचशी कोर्टाच्या धाटणीने चालते: अर्ज, प्रतिज्ञापत्र, ठरावाची प्रत, अजेंडा सगळ्यांना पोचल्याचा पुरावा, लागल्यास नोटीस, मग आदेश. तो आदेश निघेपर्यंत नोंदवहीत जुनंच नाव. यामागचा हेतू चांगला आहे. देवस्थानाची जमीन, धर्मशाळा, शाळा यांवर कुणी रातोरात कब्जा करू नये म्हणून ही कडी घातलेली आहे. ज्या संस्थेचे विश्वस्त वीस-वीस वर्षं बदलत नाहीत, तिला या कडीचा त्रासही होत नाही.

आपल्या कामात मात्र मंडळ वेगळं असतं. २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या बुलेटिनमध्ये भारतातल्या ३८ अभ्यासांचा एकत्र आढावा आला होता. त्यात प्रसूतीनंतरच्या नैराश्याचं प्रमाण सुमारे २२ टक्के निघालं. म्हणजे पाचात एक. साहजिकच, या कामाकडे ओढल्या जाणाऱ्या बायकांत स्वतः त्यातून गेलेल्या खूप असतात, आणि मंडळावर त्याच हव्यात असं माझं ठाम मत आहे. पण ज्यांना एकदा हे दुखणं झालं, त्यांना पुढच्या बाळंतपणात ते पुन्हा होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. त्या तिशीतल्या असतात, दुसऱ्या बाळंतपणाला माहेरी जातात, नवऱ्याची बदली झाली की गाव सोडतात. अशा मंडळात बदल होतच राहतात.

आमच्या ट्रस्टच्या खजिनदार अशाच एक ताई होत्या. पहिल्या मुलाच्या वेळी जे सोसलं त्यातून सावरून आमच्याकडे आल्या आणि हिशेब असा ठेवला की ऑडिटरने बोट ठेवायला जागा नव्हती. दुसऱ्या बाळंतपणाला सांगलीला माहेरी गेल्या. सव्वा महिना व्हायच्या आतच फोन आला, “दादा, मला आत्ता कसलीच जबाबदारी नको. माझ्याकडून होणार नाही.” राजीनामा चार ओळींचा. आम्ही त्याच आठवड्यात ठराव करून तो मंजूर केला. आमच्या दृष्टीने त्या मोकळ्या झाल्या होत्या.

कागदाच्या दृष्टीने नव्हत्या. नवा खजिनदार शोधण्यात आमचेच दोन महिने गेले. मग अर्ज केला, तो एका सहीसाठी परत आला, पुन्हा केला. बँकेने सांगितलं की सहीत बदल हवा असेल तर नव्या नावाचा पी.टी.आर.चा, म्हणजे विश्वस्तांच्या सरकारी नोंदवहीचा, उतारा आणा. उतारा आदेशाशिवाय मिळेना. तोवर चेकवर सही ताईंचीच. समुपदेशक मुलींचं मानधन थांबवणं शक्य नव्हतं. शेवटी मी चेकबुक कुरियरने सांगलीला पाठवलं. औषधं चालू, मांडीवर तान्हं बाळ, आणि त्या माउलीने अकरा चेकवर सह्या करून पाठवल्या. आठव्या चेकवरची सही जुळली नाही म्हणून तो परत आला. ती हललेली सही मी अजून विसरलेलो नाही.

त्याहून वाईट पुढे झालं. जाणाऱ्या विश्वस्ताची हरकत आहे का, हे विचारणारी नोटीस त्यांच्या बडोद्याच्या पत्त्यावर गेली. तो पत्ता सासरचा. सासऱ्यांनी पाकीट उघडलं. अर्जदार, सामनेवाले, हजर राहावे, अशी भाषा. सासरी ना आजाराबद्दल कुणाला सांगितलं होतं, ना राजीनाम्याबद्दल. सांगलीला फोन गेला, “तुझ्यावर कसली केस झालीये?”

अर्जासोबतच त्यांचं संमतीचं प्रतिज्ञापत्र जोडलं असतं तर कदाचित नोटीस निघाली नसती. ती चूक आमची, आणि ती मी नाकारत नाही. कुणाकुणाचे असे अर्ज तीन-चार महिन्यांत सुरळीत निघाल्याचंही ऐकलंय. पण आजारी बाईने ‘मला जाऊ द्या’ म्हटल्यावर तिला प्रतिज्ञापत्रासाठी नोटरीकडे पाठवायचं, हे माझ्या गळी उतरलं नाही. मी कंपनीकडे वळलो ते या पाकिटामुळे.

२०१३ च्या कंपनी कायद्यात राजीनाम्याचं कलम १६८ आहे. राजीनामा कंपनीला मिळाला तो दिवस, किंवा पत्रात पुढची तारीख लिहिली असेल तर ती. त्या दिवशी माणूस मोकळा. कुणाच्या आदेशाची वाट नाही. कंपनीने ३० दिवसांत डीआयआर-१२, म्हणजे संचालक बदलल्याचा सरकारी फॉर्म, भरायचा, तोही राहिलेल्या संचालकाच्या डिजिटल सहीने. राजीनामा दिलेल्या बाईला काही करावं लागत नाही. आणि बरी होऊन ती परत आली तर तिचा डिन, म्हणजे संचालक म्हणून मिळालेला ओळख क्रमांक, तोच असतो, कारण तो आयुष्यभराचा. एक ठराव, एक फॉर्म, की ती पुन्हा मंडळावर. आमच्याकडे गेल्या चार वर्षांत तिघी गेल्या आणि त्यातल्या दोघी परत आल्या. ट्रस्टमध्ये एवढ्यासाठी पाच फेरफार रिपोर्ट करावे लागले असते.

दुसरी सोय व्हिडिओ सभेची. कंपनीत संचालकाने व्हिडिओवरून हजेरी लावली तर ती कायद्याने हजेरीच. आमच्या एक संचालक बाळाला पाजता पाजता, कॅमेरा बंद ठेवून, अंदाजपत्रकावर माझ्याशी अर्धा तास भांडल्या होत्या, आणि मुद्दा त्यांचाच बरोबर होता.

कंपनीचे काचही सांगितले पाहिजेत. पहिला पैशाचा. वर्षाचा हिशेब आणि वार्षिक विवरण, एओसी-४ आणि एमजीटी-७, यांना उशीर झाला तर प्रत्येक फॉर्मला रोज १०० रुपये. दोन्ही महिनाभर राहिले की ६,००० गेले. लागोपाठ तीन वर्षं हे भरलंच नाही तर संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतात. म्हणून मंडळात एक तरी तारखा पाळणारं माणूस हवं, किंवा ओळखीतला सीए. आमचे सीए सवलतीत करतात, तरी वर्षाचा खर्च एका समुपदेशिकेच्या महिन्याच्या मानधनाइतका होतो.

दुसरा काच जास्त बारीक आणि आपल्या कामात जास्त बोचणारा. कलम १६७ प्रमाणे बारा महिन्यांतल्या सगळ्या सभांना गैरहजर राहिलेल्या संचालकाचं पद आपोआप जातं, रजा घेतली असली तरी. कलम ८ च्या कंपनीला सहा महिन्यांत एक सभा पुरते. तेवढ्याच घेतल्या तर बाळंतपणात दोन सभा चुकल्या की पद गेलं. म्हणून आम्ही चार घेतो, व्हिडिओवर, दुपारी बाळं झोपतात त्या वेळी.

तिसरा, राजीनाम्याचं पत्र फॉर्मला जोडलं जातं आणि कंपनीची कागदपत्रं फी भरून कुणालाही पाहता येतात. तेव्हा त्या पत्रात आजाराचा शब्दसुद्धा येऊ देऊ नका. हाच नियम इतिवृत्तालाही. बाळंतिणीचं नैराश्य ओळखण्यासाठी वापरतात त्या एडिनबर्ग प्रश्नावलीच्या दहाव्या प्रश्नाला, म्हणजे स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दलच्या प्रश्नाला, कुणी ‘हो’ म्हटलं तर समुपदेशिकेने कुणाला फोन करायचा, हे मंडळाने ठरवावं आणि लिहून ठेवावं. ती बाई कोण, हे मंडळासमोर येऊच नये. ट्रस्ट असो वा कंपनी, यात सवलत नाही.

संस्थेची घटना, म्हणजे मूळ नियमावली, बदलायची झाली तर कंपनीलाही सरकारची आधी परवानगी लागते, तेव्हा अनुभव घेतलेल्या बायकांच्या जागा किती, मुदत किती, हे पहिल्याच दिवशी नीट लिहा.

तुम्हाला कुणी वाडा किंवा जमीन देणार असेल, मंडळी पन्नाशीच्या पुढची आणि बडोद्यातच राहणारी असतील, देणगीदार जुन्या वळणाचे असतील, तर ट्रस्ट चुकीचा म्हणणार नाही. त्या तिघींपैकी एकीचे काका ट्रस्टच करा म्हणून मागे लागलेत, आणि त्यांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. पण मंडळावर तिशीतल्या, त्यातून गेलेल्या बायका बसणार असतील, तर मी तरी कंपनीच करेन.

निघताना डॉक्टरांनी आमच्याकडच्या राजीनाम्याचा नमुना मागितला. नेमणुकीच्या कागदांबरोबर तो आम्ही प्रत्येकीला पहिल्याच दिवशी देतो, तारखेची जागा कोरी ठेवून. त्यात एवढंच आहे: ‘वैयक्तिक कारणास्तव मी संचालकपदाचा राजीनामा देत आहे. तो आजपासून लागू समजावा.’ त्यांनी तो तिथेच उभ्या उभ्या वाचला आणि तीन प्रती मागून घेतल्या.