सळईचा गंज: बाहेरून चाचपायचा की आत पहारा बसवायचा?

खाडीपुलाच्या खांबाचे पोपडे सुटायला लागले की हाफ-सेल चाचणी आठवते, म्हणजे सळईचा विद्युतदाब बाहेरून मोजून गंजाचा अंदाज घेणं. एखादी सळई थोडी उघडी करून तिला वायर जोडायची, काँक्रीट ओलं करायचं आणि तांबं-मोरचूदाची नळी (मोरचूदाच्या द्रावणात तांब्याची कांडी) जागोजागी टेकवत मीटर वाचायचा. आकडा उणे 350 मिलिव्होल्टच्या खाली गेला तर गंज चालू असण्याची शक्यता 90 टक्क्यांच्या वर. उणे 200 च्या वर राहिला तर बहुधा गंज नाही. मधलं सगळं 'बघू'. त्यात पाण्याखालच्या भागात प्राणवायू कमी, म्हणून गंज नसतानाही आकडा भलताच उणे येतो. गंजाचा वेग तर ही चाचणी सांगतच नाही.

अ‍ॅनोड लॅडर सेन्सर काँक्रीट ओतण्याआधीच कव्हरमध्ये, म्हणजे सळईवरच्या काँक्रीटच्या थराच्या जागी, बसवतात. शिडीसारखे पोलादी दांडे, प्रत्येक वेगळ्या खोलीवर. खाऱ्या पाण्यातलं क्लोराइड आत सरकेल तसा एकेक दांडा गंजू लागतो आणि मुख्य सळईला किती अवकाश आहे याचा अंदाज येतो. खर्च जास्त, आणि कळतं ते बसवलेल्या जागेपुरतंच.

नव्या पुलाला मी सेन्सरच घालेन. जुन्या इमारतीला नळीच. फक्त आधी गिलावा काढा, टाइल्सवरून घेतलेली मापं कागदावरच छान दिसतात.