शुक्रवारची संध्याकाळ की शनिवारची सकाळ: सिनेगॉगला नेमाने जायचं ठरवताना

सिनेगॉगला, म्हणजे ज्यू प्रार्थनागृहात, दर आठवड्याला जायची इच्छा असते, पण शब्बाथच्या (शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंतच्या विश्रांतीच्या दिवसाच्या) सगळ्या प्रार्थनांना हजर राहणं झेपत नाही, अशी अडचण अनेकांची असते. कोणी बऱ्याच वर्षांनी परत वळलेलं असतं, कोणी ज्यू घरात लग्न करून आलेलं, कोणी धर्म स्वीकारण्याच्या विचारात असतं. एकच वेळ निवडायची झाली तर शुक्रवारची संध्याकाळ घ्यावी की शनिवारची सकाळ? माझं मत आधीच सांगतो: ओळख व्हायला शुक्रवार उत्तम, पण त्या समाजातलं माणूस व्हायचं असेल तर शनिवार.

शुक्रवारची प्रार्थना पाऊण-एक तासात होते आणि तिच्यात गाणं भरपूर असतं. शब्बाथचं स्वागत करणारा तिचा पहिला भाग, कब्बालत शब्बाथ, 16व्या शतकात गालीलमधल्या (आजच्या उत्तर इस्रायलमधल्या) त्सफात गावच्या गूढवादी साधकांनी घडवला. दिवस कलला की ते शब्बाथला सामोरे जायला बाहेर शेतात जात. आजही आधी स्तोत्रं म्हणतात, बहुतेक ठिकाणी 95 ते 99 आणि 29, आणि मग श्लोमो अल्काबेत्झ यांचं ‘लेखा दोदी’ हे गीत. शेवटच्या कडव्याला सगळे उठून दाराकडे तोंड करतात आणि वाकतात. ज्यांच्या घरी त्याच आठवड्यात मृत्यू झाला आहे, ते अनेक अश्केनाझी (मध्य आणि पूर्व युरोपीय परंपरेच्या) सिनेगॉगांत तोवर बाहेर थांबतात. कडवं संपलं की ते आत येतात आणि सगळे मिळून त्यांचं सांत्वन करतात. हिब्रूचं एक अक्षर न येणाऱ्यालाही हे पोचतं. चालीही लवकर तोंडात बसतात. नवख्या माणसाला याहून सोपी सुरुवात मला माहीत नाही.

पण सिनेगॉग कोणत्या परंपरेचं आहे, यावर शुक्रवारचं रूप पुष्कळ बदलतं. ऑर्थोडॉक्स, म्हणजे जुने नियम काटेकोर पाळणाऱ्या, सिनेगॉगमध्ये घड्याळ सूर्याच्या हाती असतं. घरी मेणबत्त्या सूर्यास्ताच्या साधारण 18 मिनिटं आधी लागतात आणि प्रार्थना त्याच सुमारास सुरू होते. उत्तरेकडच्या देशांत हिवाळ्यात ही वेळ दुपारी चारच्या आसपास येते, म्हणजे कामावरून लवकर निघायची सोय आधी करावी लागते. प्रार्थना संपली की सगळे शब्बाथच्या जेवणासाठी घराकडे वळतात. अनेक बायका मेणबत्त्या लावून घरीच थांबतात, त्यामुळे बायकांच्या बसण्याच्या वेगळ्या बाजूला त्या संध्याकाळी गर्दी कमी असते. एखादी बाई एकटीच समाजाच्या ओळखीसाठी आली असेल, तर तिला बोलायला कोणी न भेटण्याचा संभव आहे. जेवायला बोलावणं आलं तर मात्र भिडेपोटी नाही म्हणू नये. त्या टेबलावर जे शिकायला मिळतं ते प्रार्थनागृहात मिळत नाही.

रिफॉर्म, म्हणजे सुधारणावादी, सिनेगॉगमध्ये चित्र जवळजवळ उलटं. 19व्या शतकात अमेरिकेतल्या रिफॉर्म मंडळींनी शुक्रवारची प्रार्थना रात्रीच्या जेवणानंतर, ठरलेल्या वेळी घ्यायला सुरुवात केली, आणि अनेक ठिकाणी तीच आठवड्याची मुख्य सभा झाली. गिटार, पियानो, रब्बींचं (धर्मगुरूंचं) प्रवचन, नंतर चहा-कॉफी आणि गोड खाणं, ज्याला ओनेग शब्बाथ म्हणतात. अशा सिनेगॉगमध्ये बार मित्झ्वा (मुलगा धर्माच्या दृष्टीने सज्ञान होण्याचा समारंभ) नसेल तर शनिवारी सकाळी तुरळक लोक दिसतात. तिथे माझा शनिवारचा आग्रह लागू नाही. जिथे माणसं जमतात तिथे जा.

बाकी ठिकाणी मात्र शनिवार. ही प्रार्थना अडीच-तीन तास चालते, आणि पहिले काही आठवडे कंटाळा येतो हे मान्य करून टाकावं. कधी उठायचं, कधी बसायचं, सगळे कोणत्या पानावर आहेत, काही लागत नाही. नेहमीची मंडळीसुद्धा बरीचशी उशिरा येतात. सुरुवातीपासून बसवत नसेल तर निदान तोरा (मोशेच्या पाच ग्रंथांची गुंडाळी) बाहेर काढायच्या आधी पोचा, कारण शनिवारचं सगळं सत्त्व तिथे आहे.

तोरा 54 भागांत वाटलेली आहे आणि वर्षभरात पूर्ण वाचून होते. काही सिनेगॉगांत तीन वर्षांत. चर्मपत्राच्या हस्तलिखित गुंडाळीवर ना स्वरचिन्हं असतात ना चालीच्या खुणा. वाचणाऱ्याने दोन्ही पाठ करून यायचं असतं. उच्चार असा चुकला की अर्थ बदलतो, तर समोर बसलेले लोक मोठ्याने दुरुस्त करतात आणि तो शब्द पुन्हा वाचावा लागतो. यात कोणाला अपमान वाटत नाही. मला ही रीत फार मोलाची वाटते: ग्रंथ सगळ्यांचा आहे, तेव्हा तो नीट वाचला जाण्याची जबाबदारीही सगळ्यांची.

वाचनाला ओळीने सात जणांना पुढे बोलावतात, आणि समाजाचं सगळं सुखदुःख याच वेळी समोर येतं. 13 वर्षांचा मुलगा पहिल्यांदा बोलावला जातो. मुलींसाठी अमेरिकेतला असा पहिला समारंभ 1922 साली न्यूयॉर्कमध्ये ज्युडिथ कॅप्लान हिचा झाला, तोही शनिवारी सकाळीच. लग्नाआधीच्या शब्बाथला नवऱ्या मुलाला बोलावतात, नव्या जन्मलेल्या मुलीचं नाव इथे जाहीर होतं, मोठ्या आजारातून उठलेला माणूस आभाराची प्रार्थना म्हणतो, आजाऱ्यांची नावं घेतली जातात. काही महिने शनिवारी नुसतं बसलात तरी कोणाच्या घरी काय चाललंय हे कळू लागतं. शुक्रवारी ते कळत नाही.

त्यानंतर किद्दुश: द्राक्षरसावर आशीर्वाद, मग खाणं आणि उभ्याउभ्या गप्पा. शब्बाथला स्वयंपाक निषिद्ध, म्हणून काही ठिकाणी आदल्या दिवशीपासून मंद आचेवर ठेवलेला मांस-कडधान्याचा रस्सा असतो. किद्दुशला न थांबता निघून गेलात तर शनिवार निवडूनही निम्मा वाया गेला.

मुलं लहान असतील तर शुक्रवार त्यांच्या झोपेच्या वेळेशी भांडतो. शनिवारी अनेक सिनेगॉगांत त्यांच्यासाठी वेगळा कार्यक्रम असतो.

अंतराचा विचार मात्र नीट करा. ऑर्थोडॉक्स नियमात शब्बाथला वाहन चालत नाही, म्हणून लोक घरच चालत जाण्याच्या टप्प्यात घेतात. त्या पद्धतीने धर्म स्वीकारू पाहणाऱ्याकडूनही हीच अपेक्षा असते. बाबागाडी ढकलत न्यायची तर त्या भागाला एरूव्ह, म्हणजे जिच्या आत शब्बाथला वस्तू नेता-ढकलता येतात अशी धार्मिक हद्द, आखलेली आहे का हे विचारावं लागतं. या दोन्हींच्या मधल्या कॉन्झर्व्हेटिव्ह चळवळीच्या समितीने 1950 साली, दुसरा उपाय नसेल तर सिनेगॉगपर्यंत गाडीने यायला मुभा दिली. रिफॉर्ममध्ये हा प्रश्न येत नाही.

सिनेगॉग लहान असेल तर वरची सगळी तुलना फिरू शकते. सार्वजनिक प्रार्थनेला दहा प्रौढांचा मिन्यान लागतो. ऑर्थोडॉक्स फक्त पुरुष मोजतात. कॉन्झर्व्हेटिव्ह समितीने 1973 साली स्त्रियांना मोजायची परवानगी दिली. रिफॉर्म स्त्री-पुरुष भेद करत नाही. नऊच जण असले तर तोरावाचन होत नाही, आणि आईवडिलांसाठी कद्दिश (मृतांच्या स्मरणार्थ म्हणायची प्रार्थना) म्हणायला आलेल्याला ती म्हणता येत नाही. मोठ्या सिनेगॉगमध्ये तुमची गैरहजेरी कोणाच्या ध्यानातही येणार नाही. लहान ठिकाणी व्यवस्था पाहणाऱ्या गब्बाईंना सरळ विचारा की कोणत्या वेळी माणूस कमी पडतं, आणि तुम्ही मिन्यानमध्ये मोजले जात असाल तर तीच वेळ धरा. निवड माझ्या हाती असती तर मी लहान सिनेगॉगच घेतलं असतं.

तुम्ही ज्यू नसाल तरी बसायला सहसा हरकत नसते. तोरासाठी मात्र बोलावत नाहीत आणि मिन्यानमध्ये मोजत नाहीत. पुरुषांनी डोकं झाकावं, प्रार्थनेची शाल घेऊ नये. अनेक ठिकाणी दारावर सुरक्षा असते, म्हणून आधी कळवून जा, तेही गुरुवारपर्यंत, कारण शब्बाथ लागल्यावर ऑर्थोडॉक्स सिनेगॉगचा फोन कोणी उचलणार नाही. आत फोन, फोटो, लिहिणं बंद. दानाची थाळीही फिरत नाही, कारण त्या दिवशी पैशाला हात लावत नाहीत. खर्च बहुधा वार्षिक वर्गणीवर चालतो.

आईवडिलांपैकी कोणी नुकतंच गेलं असेल, तर शुक्रवार-शनिवारचा हा हिशेब बाजूला ठेवा. कद्दिश अकरा महिने रोज म्हणतात. रोज जमणार नसेल तर निदान सोमवार किंवा गुरुवारची सकाळ धरा. त्या दिवशी तिघांना बोलावून थोडं तोरावाचनही होतं, आणि सगळं साधारण तासाभरात आटोपून कामावर जाता येतं. मात्र रोजचा मिन्यान सगळ्याच सिनेगॉगांत जमत नाही, म्हणून तेवढं आधी विचारून घ्या.