एका रुग्णाचे दोन डोळे: मार्जिनल मॉडेल की फ्रेल्टी?

अमेरिकेतल्या डायबेटिक रेटिनोपथी (मधुमेहाने डोळ्याच्या पडद्याला होणारी इजा) अभ्यासातली 197 रुग्णांची माहिती घ्या. प्रत्येकाच्या एका डोळ्यावर लेसर उपचार, दुसरा तसाच. मोजायचा तो दृष्टी गंभीरपणे जाईपर्यंतचा काळ. हे 394 डोळे एकमेकांपासून स्वतंत्र मानता येत नाहीत.

मार्जिनल कॉक्स मॉडेल (कॉक्स म्हणजे घटना घडेपर्यंतच्या काळावरून जोखीम मांडणारं मॉडेल) दोन डोळ्यांमधलं नातं मांडतच नाही. उपचाराचा परिणाम सांगणारा सहगुणक नेहमीसारखाच काढतं, प्रमाण त्रुटी (त्या अंदाजातली अनिश्चितता) तेवढी सँडविच पद्धतीने, म्हणजे एका रुग्णाचे डोळे एक गट धरून, सुधारतं. उपचार आणि तुलना एकाच माणसात असल्याने इथे ती त्रुटी चक्क कमी होते! गट म्हटला की अनिश्चितता वाढणारच, असं अनेकांना वाटतं, तसं नसतं.

फ्रेल्टी मॉडेल प्रत्येक रुग्णाला एक न दिसणारा गुणक देतं, बहुधा गॅमा या संभाव्यता वितरणातला. दोन्ही डोळ्यांची जोखीम त्याने एकत्र वरखाली होते. त्याचं विचरण (रुग्णारुग्णांत तो किती बदलतो त्याचं माप) थीटा असेल, तर केंडॉलचा टाऊ, म्हणजे दोन डोळ्यांचे काळ किती जोडीने चालतात ते सांगणारा आकडा, = थीटा / (थीटा + 2). म्हणजे अवलंबन थेट आकड्यात मिळतं.

जोखीम-गुणोत्तराचा (उपचार झालेल्या डोळ्याची जोखीम न झालेल्याच्या किती पट) अर्थही बदलतो: मार्जिनलमध्ये ते साऱ्या रुग्णसमूहाचं, फ्रेल्टीत त्याच रुग्णाच्या दोन डोळ्यांमधलं. आरोग्य धोरणासाठी मी मार्जिनल घेईन. पण समोर बसलेल्या रुग्णाला उत्तर द्यायचं असेल, तर फ्रेल्टीच, गॅमाचं गृहीतक तपासूनच.