पिशवी न काढता फायब्रॉइडच्या गाठींवर इलाज: माझा एम्बोलायझेशनचा अनुभव

ज्या बायकांना गर्भाशयात गाठी आहेत आणि डॉक्टरांनी पिशवी काढून टाका असं सांगितलंय त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहितेय. मला गरज होती तेव्हा मराठीत धड काही वाचायला मिळालं नाही, मिळालं ते सगळं हॉस्पिटलच्या जाहिरातीसारखं. मी पुण्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलमध्ये युटेराइन फायब्रॉइड एम्बोलायझेशन करून घेतलं, म्हणजे ऑपरेशन न करता गाठींचा रक्तपुरवठा बंद करायचा उपचार. नाव लिहीत नाहीये कारण पुढे बिलाबद्दल तक्रार पण आहे, आणि मला सांगायचंय ते त्या उपचाराबद्दल आणि तो करणाऱ्या विभागाबद्दल. विभागाचं नाव इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजी, हे पूर्ण नाव लक्षात ठेवा, काउंटरवर नुसतं रेडिओलॉजी म्हटलं की सोनोग्राफीच्या लाइनीत बसवतात.

मी नगरकडची, शाळेत शिकवते, चाळिशी ओलांडलीये, दोन मुलं आहेत. अंगावरून एवढं जायचं की वर्गात उभं राहायची भीती वाटायची, हिमोग्लोबिन सातच्या खाली गेलं, जिना चढला की धाप. सोनोग्राफीत गाठी दिसल्या, सगळ्यात मोठी आठ सेंटीमीटरची. आमच्याकडच्या गायनॅक मॅडमनी फाइल बघून लगेच सांगितलं की मुलं झालीयेत, आता पिशवीचा उपयोग काय, काढून टाकू. सासूबाई पण म्हणाल्या की काढून टाक बाई, कटकट जाईल. दुसरा काही पर्याय आहे का विचारलं तर गोळ्या घेऊन बघा, पण शेवटी काढावीच लागेल, एवढंच उत्तर. एम्बोलायझेशन हा शब्द तिथे कोणी काढलाच नाही, आणि याचा मला आजही राग आहे. कुठला पर्याय घ्यायचा ते बाई ठरवेल, पण पर्याय आहे हे तिला सांगायला नको का?

आपल्याकडे पिशवी काढणं इतकं सहज होऊन बसलंय की त्यात कोणाला काही वाटत नाही. 2019 ला बीडच्या ऊसतोड कामगार बायकांच्या बातम्या आल्या होत्या, कमी वयात कितीतरी जणींच्या पिशव्या काढलेल्या, तेव्हा नीलम गोऱ्हेंच्या अध्यक्षतेखाली समिती पण नेमली होती. पुढे 2023 मध्ये सुप्रीम कोर्टाने सगळ्या राज्यांना सांगितलं की गरज नसताना होणारी ही ऑपरेशनं रोखायला केंद्राने केलेल्या गाइडलाइन्स लागू करा. म्हणजे प्रश्न माझ्या एकटीचा नाही. पिशवी काढणं काहीवेळा खरंच लागतं, कॅन्सरची शंका असेल तर लागतंच, त्या ऑपरेशनला माझा विरोध नाही. पण फायब्रॉइड म्हणजे स्नायूची साधी गाठ, ती कॅन्सरची निघणं फार दुर्मिळ असतं, त्यामुळे घाईने होकार द्यायची गरज बहुतेक वेळा नसते.

माझ्या जाऊबाईंच्या ओळखीतून या विभागाचा पत्ता लागला. पहिली चांगली गोष्ट म्हणजे तिथल्या डॉक्टरांनी होकारही दिला नाही आणि नकारही, आधी कॉन्ट्रास्ट (रक्तवाहिन्या फोटोत उठून दिसायला देतात ते औषध) देऊन पोटाखालचा एमआरआय करायला लावला. मला वाटलं सोनोग्राफी झालीये तर अजून खर्च कशाला, पण त्यांनी स्क्रीनवर स्वतः एकेक फोटो दाखवून समजावलं तेव्हा पटलं. सोनोग्राफीत गाठ आहे एवढं कळतं, एमआरआयमध्ये ती आतल्या पोकळीत आहे की भिंतीत की बाहेर देठावर लोंबतीये हे नीट दिसतं, आणि मुख्य म्हणजे कुठल्या गाठीला रक्तपुरवठा आहे ते कॉन्ट्रास्टमुळे समजतं. जी गाठ आधीच आतून मेलीये, रक्तच घेत नाही, तिचं रक्त बंद करून काय मिळणार? अ‍ॅडिनोमायोसिस म्हणजे गर्भाशयाचं अस्तर भिंतीच्या आत वाढणं, ते आहे का तेही त्यात दिसतं, त्याची लक्षणं अशीच असतात. माझ्या आधी बसलेल्या एका ताईंना त्यांनी स्पष्ट सांगितलं की तुमची गाठ छोटी आणि पोकळीत आहे, हिस्टेरोस्कोपीने, म्हणजे खालून दुर्बीण घालून निघेल, माझ्याकडे नको, गायनॅककडे जा. त्या ताईंनीच बाहेर येऊन सांगितलं. जो डॉक्टर आलेला पेशंट परत पाठवतो त्याच्यावर माझा विश्वास बसतो.

उपचार काय आहे ते त्यांनी आमच्या ह्यांना शेतकऱ्याच्या भाषेत सांगितलं, की तणाला जाणारा पाट बंद करायचा, तण आपोआप वाळतं. जांघेतल्या किंवा मनगटातल्या धमनीतून बारीक नळी आत घालतात, एक्सरेच्या स्क्रीनवर बघत बघत गर्भाशयाच्या धमनीपर्यंत नेतात, आणि तिथे मिलिमीटरपेक्षाही लहान कण सोडतात, ते गाठींच्या रक्तवाहिन्यांत जाऊन अडकतात. धमन्या दोन, डावी आणि उजवी, दोन्हीकडे करावं लागतं. गाठी उपाशी पडून आकसतात, आणि गर्भाशयाला बाकीच्या बारीक वाहिन्यांतून रक्त मिळत राहतं.

हे काही नवीन प्रयोग करतायत का, अशी घरच्यांची भीती होती. तसं नाहीये. 1995 मध्ये पॅरिसच्या जाक राविना या गायनॅक डॉक्टरांनी लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात यावर लिहिलं होतं. आधी ते ऑपरेशनच्या वेळी रक्त कमी जावं म्हणून एम्बोलायझेशन करायचे, मग लक्षात आलं की काही बायकांचा त्रास एवढा कमी होतोय की पुढच्या ऑपरेशनची गरजच उरत नाही. अमेरिकेच्या कोंडोलिझा राइस यांनी पण 2004 मध्ये हेच करून घेतलं होतं, परराष्ट्रमंत्री व्हायच्या थोडंच आधी.

प्रत्यक्ष दिवशी कॅथ लॅबमध्ये नेलं, जिथे हार्टची अँजिओग्राफी करतात तसलीच खोली, प्रचंड गारठा. पूर्ण भूल नाही, फक्त जांघेत बधिर करायचं इंजेक्शन आणि थोडी गुंगी. तिथल्या सिस्टर इतक्या चांगल्या होत्या, प्रत्येक गोष्ट करायच्या आधी सांगत होत्या, ताई आता गरम वाटेल, आता औषध सोडतायत. आणि खरंच कॉन्ट्रास्ट सोडलं की ओटीपोटात गरम लाट येते, घाबरू नका. टाका एकही नाही, जांघेत बारीक भोक तेवढं.

आता दुखण्याबद्दल, कारण हे जाहिरातीत कोणी लिहीत नाही. दुखतं. चांगलंच दुखतं. गाठींचं रक्त बंद झालं की काही वेळाने कळा सुरू होतात आणि पहिली रात्र कठीण असते, बाळंतपणाच्या कळा आठवल्या मला. त्यांनी बटण दाबलं की औषध जाणारा पंप लावला होता म्हणून निभावलं, त्यामुळे तुम्ही जिथे कराल तिथे आधीच विचारा की दुखणं कमी करायला काय देणार, पंप आहे का, नर्व्ह ब्लॉक (नस बधिर करायचं इंजेक्शन) देतात का. पाय सरळ ठेवून काही तास पडून राहावं लागतं, कंबर भरून येते. घरी आल्यावर बारीक ताप, मळमळ, अंगात अजिबात त्राण नाही असं काही दिवस चालतं, ते अपेक्षितच असतं. पण ताप वाढला किंवा घाण वासाचं पाणी जायला लागलं तर थांबायचं नाही, लगेच फोन करायचा, इन्फेक्शन असू शकतं. डिस्चार्जच्या वेळी हे मराठीत छापलेल्या कागदावर लिहून दिलं होतं, त्याचे त्यांना वेगळे मार्क.

फरक पुढच्या काही पाळ्यांत जाणवायला लागला, अंगावरून जाणं निम्म्याहून कमी झालं, आयर्न चालू होतंच, हिमोग्लोबिन अकराच्या वर आलं. सहा महिन्यांनी एमआरआय केला तर मोठी गाठ साडेपाच सेंटीमीटरवर आली होती आणि आतला रक्तपुरवठा बंद. गाठ अजून आहे, गायब झालेली नाही, हे नीट समजून घ्या, हा उपचार गाठ काढत नाही, सुकवतो.

आणि हे सगळ्यांसाठी नाही. ज्यांना अजून मूल हवंय त्यांना साधारणपणे आधी गाठ काढायचं ऑपरेशन सुचवतात, मायोमेक्टॉमी. ब्रिटनमधल्या एका अभ्यासात, 2020 ला आलेल्या, दोन वर्षांनी मायोमेक्टॉमीवाल्या बायकांची तब्येत एम्बोलायझेशनवाल्यांपेक्षा चांगली निघाली होती, हे मला डॉक्टरांनी स्वतः सांगितलं, लपवलं नाही. नेदरलँड्समध्ये पिशवी काढण्याच्या ऑपरेशनशी तुलना करून दहा वर्षं लक्ष ठेवलं, त्यात एम्बोलायझेशन केलेल्या सुमारे दोन तृतीयांश बायकांची पिशवी वाचली, म्हणजे उरलेल्या एक तृतीयांश जणींना नंतर काढावी लागलीच. पंचेचाळिशीच्या पुढे असाल तर पाळी कायमची थांबायची शक्यताही असते, कारण थोडे कण अंडाशयाकडे जाऊ शकतात. मी हे सगळं ऐकून, घरी जाऊन, विचार करून हो म्हटलं. माझ्यासाठी पोटावर मोठी चीर नाही आणि शाळेत लवकर परत जाता येणं हे मोठं होतं, दुसऱ्या कोणासाठी एकदाच काय ते संपवणं मोठं असेल, तेही बरोबरच आहे.

आता तक्रार. बिलिंग विभाग. एस्टिमेट दिलं त्यात त्या कणांच्या बाटल्यांचा खर्च धरलाच नव्हता, त्या इम्पोर्टेड असतात आणि महाग, जितक्या लागतील तितक्या लावतात, शेवटी बिल दीड लाखाच्या बरंच पुढे गेलं. आमचे हे काउंटरवर तासन्‌तास उभे. डॉक्टर एवढं समजावून सांगतात आणि खाली काउंटरवर साधं उत्तर मिळत नाही, हे बरोबर नाही. टीपीएवाल्यांनी (इन्शुरन्सचे क्लेम बघणारी कंपनी) पण ऑपरेशन झालंच नाही मग क्लेम कसला असा प्रश्न काढला, डॉक्टरांनी पत्र लिहून दिलं तेव्हा पास झालं, तेसुद्धा पूर्ण नाही. त्यामुळे अ‍ॅडमिट व्हायच्या आधीच इन्शुरन्सकडून या प्रोसीजरच्या नावानिशी लेखी मंजुरी घ्या, आणि कणांच्या किती बाटल्या धरल्यात ते एस्टिमेटवर लिहून मागा.

उपचाराला पाच पैकी पाच, बिलिंगला दोन. जाताना एमआरआयची सीडी घेऊन जा, नुसता रिपोर्ट नको, ते डॉक्टर स्वतः फोटो उघडून बघतात. क्रिएटिनीनचा (किडनीची रक्ततपासणी) रिपोर्ट ताजा लागतो, तो गावातल्या लॅबमध्येच करून न्या, तिथली सकाळ वाचते.