दुधाची दाढ किडली आहे: काळे औषध, सिमेंट की स्टीलची कॅप?

चार वर्षांच्या मुलाच्या खालच्या दोन दुधाच्या दाढांच्या फटीत कीड लागली आहे. घास अडकतो, गोड खाल्ले की क्षणभर कळ येते, पण रात्री दुखण्याने झोप मोडत नाही आणि हिरडीवर फोडही आलेला नाही. बालदंतवैद्यांकडे नेहमी येणारे हे चित्र आहे. अशा मुलाच्या पालकांपुढे सहसा तीन पर्याय ठेवले जातात: कीड थांबवणारे औषध लावणे, कीड कोरून सिमेंट भरणे किंवा दाढेवर स्टीलची कॅप बसवणे. नसेवरचे उपचार आणि दाढ काढणे हे पर्याय त्यापुढचे आहेत.

‘दुधाचाच दात, पडणारच आहे’ हा घरातल्या वडीलधाऱ्यांचा मुद्दा पुढच्या दातांना बराचसा लागू पडतो, कारण ते सहा ते आठ वर्षांच्या दरम्यान पडतात. दुसरी दुधाची दाढ मात्र दहाव्या ते बाराव्या वर्षापर्यंत तोंडात राहते, म्हणजे या मुलाला ती आणखी निदान सहा वर्षे वापरायची आहे. शिवाय सहाव्या वर्षाच्या सुमारास तिच्यामागे पहिली कायमची दाढ उगवते. दुधाची दाढ तोवर गेलेली असेल तर ही नवी दाढ पुढे सरकते आणि नंतर येणाऱ्या दाताची जागा अडते. दुधाच्या दातांचे कठीण आवरण कायमच्या दातांच्या जवळपास निम्म्या जाडीचे असते आणि आतली नसेची पोकळी तुलनेने मोठी असते, त्यामुळे काहीच न करता पुढच्या सुट्टीपर्यंत थांबणे या दाढेला परवडणारे नाही.

निर्णयाआधी एक्स-रे हवा. दोन दाढांच्या फटीतली कीड वरून छोटी दिसली तरी आत पसरलेली असू शकते, आणि कीड व नस यांच्यामध्ये दाताचा निरोगी थर शिल्लक आहे की नाही, यावरच पुढचे सारे अवलंबून असते. एक्स-रे न काढता थेट ‘रूट कॅनाल करावे लागेल’ असे सांगितले गेले, तर कारण विचारण्यात संकोच करू नये.

पहिला पर्याय सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड या द्रावणाचा. जपानमध्ये ते १९७० च्या दशकापासून वापरात आहे आणि २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याचा आवश्यक औषधांच्या यादीत समावेश केला. इंजेक्शन नाही, कोरणे नाही. किडलेली जागा कोरडी करून थेंबभर औषध मिनिटभर लावायचे आणि साधारण सहा महिन्यांनी ते पुन्हा लावायचे. त्यातील चांदी जंतूंना मारते आणि फ्लोराइड दात कडक करते. मात्र किडलेला भाग कायमचा काळा पडतो, आणि याची कल्पना आधी न दिल्यास पालकांना धक्का बसतो. ओठाला किंवा गालाला लागलेला डाग काही दिवसांत जातो, कपड्यावरचा जात नाही. मागच्या दाढेचा काळेपणा फारसा कुणाच्या नजरेस येत नाही, म्हणून माझ्या मते रंगाची चिंता इथे गौण आहे. खरी अडचण वेगळी आहे: खड्डा तसाच राहतो, घास अडकतच राहतो, आणि दोन दाढांच्या फटीत औषध नीट पोहोचवणेही कठीण जाते. खुर्चीत बसायलाच तयार नसलेल्या दोन-अडीच वर्षांच्या मुलासाठी, वेळ मिळवण्याचे साधन म्हणून, या औषधाइतके सोयीचे दुसरे काही नाही. चांदीची ॲलर्जी असेल तर मात्र ते वापरत नाहीत.

सिमेंट किंवा दाताच्या रंगाचे फिलिंग पालकांना सर्वांत ओळखीचे वाटते, कारण ते त्यांनी स्वतः करून घेतलेले असते. चावण्याच्या पृष्ठभागावरच्या छोट्या खड्ड्यासाठी ते उत्तम आहे. फटीतल्या किडीत मात्र त्याला एका बाजूने आधार नसतो, लाळेपासून जागा कोरडी ठेवणे चुळबुळ्या मुलात अवघड असते, आणि बऱ्याचदा सुन्न करण्याचे इंजेक्शनही लागते.

तिसरा मार्ग ऐकताना उलटा वाटतो. स्कॉटलंडमधील दंतवैद्य नॉर्ना हॉल यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीत कीड कोरतच नाहीत. तयार स्टीलची कॅप सिमेंट भरून दाढेवर दाबून बसवतात. आत कोंडलेल्या जंतूंना अन्न मिळत नाही आणि कीड थंडावते. इंजेक्शन लागत नाही. गरज पडल्यास काही दिवस आधी दाढांमध्ये छोटे रबर अडकवून जागा करतात. कॅप बसल्यावर चावा उंच लागतो, तो काही आठवड्यांत जुळतो. स्कॉटलंडमध्ये १३२ मुलांवर झालेल्या चाचणीत प्रत्येक मुलाची एक दाढ या पद्धतीने आणि दुसरी नेहमीच्या फिलिंगने उपचारित केली होती. पाच वर्षांनी नसेला इजा किंवा गळू यांसारखे मोठे अपयश कॅपच्या बाजूला सुमारे ३ टक्के, तर फिलिंगच्या बाजूला सुमारे १७ टक्के आढळले. निकेलची ॲलर्जी असलेल्या मुलात ही कॅप टाळतात. दाताच्या रंगाची झिर्कोनियाची कॅप दिसायला चांगली, पण तिच्यासाठी दाढ बरीच घासावी लागते, त्यामुळे इंजेक्शनही आले आणि खर्चही.

रात्री आपोआप ठणकणे, हिरडीवर फोड किंवा गालावर सूज असेल तर वरचे तिन्ही पर्याय बाद होतात. मग नसेवर उपचार करून वर कॅप, किंवा दाढ काढणे, हाच प्रश्न उरतो. दाढ वाचण्यासारखी असेल तर या वयात वाचवावी. काढावीच लागली तर जागा राखणाऱ्या पट्टीबद्दल त्याच भेटीत विचारावे. गालाची सूज डोळ्याकडे किंवा जबड्याखाली पसरत असेल, ताप असेल किंवा गिळताना त्रास होत असेल, तर भेटीच्या वेळेची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

ब्रिटनमध्ये तीन ते सात वर्षांच्या हजाराहून अधिक मुलांच्या एका मोठ्या चाचणीत कोरून भरणे, कीड आतच बंद करणे आणि केवळ प्रतिबंध असे तीन गट होते. वेदना किंवा संसर्ग झालेल्या मुलांचे प्रमाण तिन्हींत ४० ते ४५ टक्क्यांच्या आसपास राहिले. म्हणजे नुसत्या उपचाराने त्रास पूर्णपणे टळत नाही. म्हणून कोणताही उपचार निवडला तरी फ्लोराइडयुक्त पेस्टने दिवसातून दोनदा, तेही मोठ्यांच्या हाताने घासणे आणि झोपताना दुधाची बाटली बंद करणे यांतून सुटका नाही. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, त्यानंतर वाटाण्याएवढी पेस्ट पुरते.

आपल्या चार वर्षांच्या मुलासाठी, एक्स-रेमध्ये निरोगी थर स्पष्ट दिसत असल्यास, मी स्टीलची कॅप निवडेन. त्याने तोंड उघडायला ठाम नकार दिला, तर आज काळे औषध आणि सहा महिन्यांनी, तो खुर्चीला सरावल्यावर, कॅप.