सिंहगड रोडवरचं मॅटर्निटी होम: इंजेक्शन एकच, पण वेळेवर

५ पैकी ४ स्टार. बिलावरून थोडी कुरबुर झाली म्हणून नाव टाकत नाहीये.

बाळ पायाळू होतं त्यामुळे सिझर आधीच ठरलेलं. ओटीत न्यायच्या आधी सिस्टरनी अ‍ॅलर्जी आहे का विचारलं, सेफाझोलिन हे अँटिबायोटिक शिरेतून दिलं आणि घड्याळात बघून फाईलवर वेळ टाकली, आत गेल्यावर भूलवाल्या मॅडमनी परत तेच, "अँटिबायोटिक गेलं का, किती वाजता?" मला हे जाम आवडलं. पूर्वी म्हणे नाळ कापल्यावर द्यायचे, बाळापर्यंत औषध जाऊ नये म्हणून, पण आधी दिलं तर आईला इन्फेक्शन अजून कमी होतं आणि बाळाला काही जास्त त्रास होत नाही हे कळल्यावर आता डब्ल्यूएचओ पण चीर द्यायच्या ३० ते ६० मिनिटं आधी द्या म्हणते. सुरी लागायच्या आत औषध कातडीपर्यंत पोचलेलं पाहिजे ना! नुसत्या या डोसने टाके पिकायचं प्रमाण निम्म्याहून खाली येतं. केस पण ट्रिमरने काढले, ब्लेडने बारीक ओरखडे पडतात आणि तिथूनच जंतू शिरतात.

शेजारच्या बेडवरच्या ताईंचं पाणी आधीच गेलेलं, कळा देऊन देऊन शेवटी सिझर, त्यांना सोबत अझिथ्रोमायसिन या दुसऱ्या अँटिबायोटिकचं सलाईनही लावलं. २०१६ साली अमेरिकेत अशाच बायकांवर मोठी ट्रायल झाली होती, त्यात इन्फेक्शन १२ टक्क्यांवरून ६ वर आलं.

घरी सोडताना अँटिबायोटिकच्या गोळ्या शून्य. सासूबाईंचा चेहरा बघण्यासारखा! "एवढं पोट फाडलं आणि पाच दिवसांच्या गोळ्या पण नाहीत?" डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं, आई, इन्फेक्शन नसताना नंतर गोळ्या देऊन जास्तीचा फायदा काही नाही, उगाच जुलाब. भात खाल्ला की टाक्यात पू होतो हेही त्यांनी तिथेच निकालात काढलं. मात्र लाली, पू, घाण वास, ताप यातलं काहीही दिसलं तर रात्री-बेरात्री या, आणि शेगडीचा शेक टाक्यांजवळ नको हे दोनदा बजावलं. माझे टाके मस्त कोरडे राहिले.

आता कटलेला स्टार. बिलात ग्लोव्हज, कापूस सगळं वेगवेगळं लावतात आणि विचारलं की काउंटरवाला तोंड वाकडं करतो. पार्किंग तर नाहीच, रिक्षानेच जा.